भडंग काही बोलत नाही: वजनाच्या ऑपरेशननंतर सणावाराला कसं खावं

मी सांगलीत घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते. श्रावण लागला की आमच्या गॅसवरून कढई उतरत नाही, ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. बेसनाचे लाडू, चकल्या, करंज्या, अनारसे आणि बाराही महिने भडंग. अशा बाईनं वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं हे कळल्यावर गल्लीतल्या एकीनं विचारलं होतं, "म्हणजे आता धंदा बंद?" धंदा चालू आहे. मार्च २०२२ मध्ये ऑपरेशन झालं तेव्हा माझं वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट एक इंच, आणि इन्सुलिन दिवसातून दोनदा. आज वजन ७६ आहे. मध्ये ते ७२ पर्यंत उतरलं होतं आणि परत चढलं. ते का चढलं हे मी पुढे सांगणारच आहे, कारण सणासुदीतली खरी गोम तिथंच आहे.

नवीन ऑपरेशन झालेल्या बायका कुणाकडून तरी माझा नंबर घेतात आणि विचारतात, "ताई, गणपतीत मी काय खाऊ?" प्रत्येकीला फोनवर तासभर सांगते, म्हणून आता एकदाच लिहून काढते. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी आणि डाएटिशियननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

तुमचं ऑपरेशन कुठलं?

हे निम्म्या बायकांना सांगता येत नाही. "पोट लहान केलंय" एवढंच म्हणतात. फाईल काढून बघा, त्यात स्लीव्ह लिहिलंय की बायपास (हृदयाची नव्हे, जठराची). स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, कापून काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. अन्न जायची वाट तीच राहते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी करतात, सुरुवातीला साधारण ३० मिलीची, म्हणजे पोह्याचे दोन चमचे भरतील एवढी, आणि ती पुढच्या आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आत असतं, पण अन्न तिथून जात नाही. माझं हे दुसरं.

सणाला याचा संबंध असा की बायपासवाल्यांच्या आतड्यात गोड थेट जाऊन पडतं आणि शरीर लगेच हिसका दाखवतं. याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हवाल्यांनाही होतं, पण सहसा कमी. त्यांना वाटतं आपण सुटलो. खरं तर त्यांना ओरडणारं घरात कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या दोन महिन्यांविषयी फार लिहीत नाही. पहिले दोनेक आठवडे पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू साधं जेवण. तुमच्या दवाखान्याचा तक्ता असेल तो पाळा. त्यात सण आला तर तो सण तुमच्यापुरता ओवाळण्याचा, खाण्याचा नाही. माझा २ एप्रिल २०२२ चा पाडवा असाच गेला. घरात श्रीखंड-पुरी, आणि मी घोटलेल्या मुगाच्या वरणाचे चार चमचे अर्धा तास खात बसलेली. ऑपरेशनची तारीख ठरवणं तुमच्या हातात असेल तर कालनिर्णय घेऊन बसा आणि पुढचे दोन महिने मोकळे सापडतील असं बघा.

गौरीच्या दिवशी मी काय केलं, आणि तुम्ही काय करू नका

४ सप्टेंबर २०२२, गौरी जेवणाचा दिवस. ऑपरेशनला सहा महिने होत आलेले, वजन भराभर उतरत होतं, आणि मला वाटायला लागलं होतं की आपल्याला सगळं जमतं. सकाळपासून पुरण घाटत होते. चाखायचं नाही म्हणून चाखलं नाही, आणि त्या नादात नाश्ताही केला नाही. अडीच वाजता जेवायला बसले ते उपाशीपोटी. अर्धी पुरणपोळी दुधात कुस्करली, वर तूप, आणि घास उतरेना म्हणून दोन घोट पाणी.

वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली. घाम फुटला, पोटात पिळा आला, डोळ्यांपुढे अंधारी. मी भिंतीला धरून गौरीच्या समोरच खाली बसले. शेजारच्या काकू हात जोडून म्हणाल्या, "गौर अंगात आली काय हिच्या?" माझ्या जाऊबाई कुंकू आणायला धावल्या. मी हळूच सांगितलं, "गौर नाही, पुरणपोळी आलीय. मला आत नेऊन झोपवा." तासाभरात उतरलं. आता हसतो आम्ही सगळे, पण त्या दिवशी मला वाटलं होतं हार्टअटॅकच आला.

चुका मोजा. उपाशी राहिले. पहिला घास गोड घेतला. पोळी दुधात कालवली, म्हणजे ती पातळ होऊन आणखी लवकर खाली सरकली. वर पाणी प्यायले. आणि घरी पुरणात डाळीइतकाच गूळ असतो हे मला नव्हे तर कुणाला माहीत असणार? शिजलेल्या पुरणाचा तिसरा हिस्सा गूळच. एका पोळीत सत्तर-ऐंशी ग्रॅम पुरण भरलं तर पंचवीसेक ग्रॅम गूळ पोटात जातो.

तुम्हाला असं झालं तर खाणं तिथंच थांबवा, आडवं व्हा, आणि बरं वाटल्यावर घोट घोट पाणी घ्या.

डंपिंगचा एक दुसरा प्रकार आहे, तो उशिरा येतो, खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी. मला तो त्याच वर्षी कोजागरीला भेटला. गच्चीवर अर्धा पेला मसाला दूध, सगळ्यांसोबत, साखरेचं. रात्री दोनला हात थरथरायला लागले, अंगाला थंड घाम. घरात ग्लुकोमीटर होता म्हणून कळलं, साखर ५८. गोड पटकन शोषलं गेलं की शरीर इन्सुलिन जास्त सोडतं आणि मग साखर धाडकन खाली येते. चमचाभर साखर पाण्यातून घेतली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, वर आल्यावर पनीरचा तुकडा खाल्ला आणि सकाळी डॉक्टरांना फोन केला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन अजून चालू असेल तर ही गोष्ट अजिबात अंगावर काढू नका, डोस बदलावा लागू शकतो.

साखर पडायच्या आधी काढून ठेवा

ही माझी सगळ्यात उपयोगाची युक्ती, आणि ती मला कढईनं शिकवली. आपल्या कितीतरी पक्वान्नांत एक टप्पा असा येतो की पदार्थ निम्मा झालेला असतो आणि गोड अजून पडायचं असतं. तिथं आपला वाटा काढायचा.

पुरणाची हरभऱ्याची डाळ शिजली, कट काढला, की गूळ घालायच्या आधी लहान वाटीभर डाळ मी बाजूला काढते. वरून जिरं-हिंगाची फोडणी, मीठ, कोथिंबीर, लिंबू. चमच्यानं अगदी मऊ करून खायची. हरभऱ्याची डाळ बाधत असेल त्यांनी हिंग सढळ घाला आणि दोन चमच्यांवर थांबा. कटाची आमटीही गाळून थोडी चालते, तिखट कमी करून.

श्रीखंडाचंही तसंच. एक किलो चक्क्याला पाऊण ते एक किलो साखर पडते. साखर पडायच्या आधी अर्धी वाटी चक्का काढा, त्यात मीठ, जिरेपूड, चुरडलेला पुदिना. पाडव्याला माझ्या ताटात हे असतं आणि नातू त्यातलं मागून खातो. संक्रांतीला भाजलेले तीळ गुळाशिवाय चमचाभर वाटीत काढते, नीट चावून खाते. कोजागरीला केशर-वेलदोडा घातलेलं दूध साखर पडायच्या आधी अर्धा पेला, कोमट, दहा मिनिटं पुरवून.

मोदकाला मात्र ही युक्ती लागू नाही. सारणात गूळ, बाहेर तांदळाची उकड, मधे खोबऱ्याचा चोथा. तीनही गोष्टी आमच्या वाटेत अडकणाऱ्या. मी मोदकाचं नाक खाते. म्हणजे खरंच, वरचं कळीसारखं टोक आणि त्याखालचं नखभर सारण. बाकीचा मोदक यांच्या ताटात. एकवीस मोदकांतलं एक नाक माझं, हे आता घरात ठरलेलं आहे.

पान कसं मांडायचं

पान आपलं आधीच मांडलेलं असतं, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे भाताची मूद. वाढणारा वाढेल तसं वाढू दे, पण खायचा क्रम आपला. आधी प्रोटीन. माझ्या डाएटिशियननं दिवसाला ६० ते ८० ग्रॅमचा आकडा दिलाय. एवढ्याशा पोटात तो बसवायचा म्हणजे सणाच्या दिवशीही हिशेब लागतोच. अंड्यात सहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास, मटकीच्या वाटीभर उसळीत सात-आठ, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा. म्हणून सणाला घरी असेन तर सकाळी सातला एक अंडं किंवा पनीर खाऊनच कामाला लागते. गौरीच्या दिवशी नैवेद्याआधी काही खायचं नाही असं सासूबाई म्हणायच्या. मी त्यांना सरळ सांगितलं, "आई, नैवेद्याआधी मी औषध घेते ना, तसंच हे." पटलं त्यांना.

जेवताना उसळ, वरण, पनीर पहिल्यांदा. मग मऊ भाजी. मग जागा उरली तर भाताची दोन शितं. "शितं" मुद्दाम म्हणतेय, कारण भात आत गेल्यावर बसतो आणि फुगल्यासारखा वाटतो. मऊ पोळीचा तर गोळा होतो. आणि सगळ्यात शेवटी गोड, चहाच्या चमच्यानं दोनदा. गोड शेवटी असलं की पोटात आधीच काहीतरी असतं, त्यामुळे ते धावत सुटत नाही. लहान घास, पंचवीसेक वेळा चावून, वीस-तीस मिनिटं. पंगत उठायला लागली तरी आपण उठायची घाई करायची नाही आणि भरभर संपवायचंही नाही.

जेवताना पाणी नाही, मठ्ठा नाही, सोलकढी नाही. आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण आमच्याकडे तांब्या पानाशेजारीच असतो. मी तो उचलून देव्हाऱ्याशी ठेवते. मधल्या वेळात मात्र घोट घोट करत दीड-दोन लिटर पाणी गेलंच पाहिजे. कढईपुढे उभं राहून घाम गाळणाऱ्या बाईला तर जास्तच. सोड्याच्या बाटल्या नाहीत, लग्नातही नाहीत.

पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी. माझं नाक वाहायला लागतं. माझ्यासारख्याच एकीला उचकी लागते. ती खूण दिसली की तो घास शेवटचा, आणि खरं तर त्याच्या आधीचा शेवटचा असायला हवा होता. घास अडकला तर छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडाला पाणी सुटतं. वर पाणी पिऊन ढकलू नका. उठून हळूहळू चाला.

"नैवेद्याएवढं वाढा"

आग्रह हा आपला धर्म आहे, आणि पानात टाकणं हे पाप. या दोन्हींच्या मधे आम्ही सापडतो. मी दोन वर्षं वेगवेगळी कारणं सांगून पाहिली. "डॉक्टरांनी नको म्हटलंय" म्हटलं की, "एका दिवसानं काय होतंय?" असं येतं. "पोट भरलं" म्हटलं की, "खाल्लंस काय तू?" "डाएट" म्हटलं तर संपलंच, मग वजनावर अख्खी चर्चा, कोण किती बारीक झालं, केस किती गळले, चेहरा कसा उतरला.

आता मी पान मांडायच्या आधीच यजमानीणबाईंना स्वयंपाकघरात जाऊन सांगते, "वहिनी, मला नैवेद्याएवढंच वाढा." हे वाक्य चालतं. देवाला आपण सगळं वाढतो आणि नखभर वाढतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. छोट्या ताटलीत सगळे पदार्थ येतात, पानात काही उरत नाही, आणि कुणी मोजत बसत नाही. पहिल्यांदा हे माझ्या भावाच्या घरी भाऊबीजेला केलं. त्याला आदल्या दिवशी फोन केला होता, "दादा, ओवाळणी मोठी घाल, ताट लहान घाल." त्यानं दोन्ही ऐकलं.

प्रसाद मी नाकारत नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, साखर, तूप सारखं पडतं, म्हणून द्रोण संपवत नाही. तळहातावर घेते, कपाळाला लावते, दोन कण तोंडात, उरलेला पर्समधल्या स्टीलच्या डबीत. डबी घरी यांच्यापुढे.

मटणाचं दोन ओळींत. आमच्याकडे धुळवडीला रस्सा असतोच. मटणाचा तुकडा बायपासवाल्याला अडकण्यात पहिल्या नंबरला. खिमा करा, किंवा चिकन मऊ शिजवून बारीक तोडून खा, आणि तांबडा-पांढरा चमच्या-चमच्यानं, तेलाचा तवंग काढून. त्या दिवशी ज्या घरात बाटली उघडते त्यांच्यासाठी: बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार वर चढते. जुन्या मापावर जाऊ नका, आणि गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याकडे द्या. खरं तर घेऊच नका.

आता भडंग

पुरणपोळी माझा कान धरते. वीस मिनिटांत शिक्षा, म्हणून परत तिच्या वाटेला जाताना दहा वेळा विचार होतो. २०२२ ची अख्खी दिवाळी मी एका लाडवावर काढली, तोही चार दिवस पुरवून. बेसनाच्या चाळीस ग्रॅमच्या लाडवात माझ्या मापानं तेरा ग्रॅम पिठीसाखर असते, तीन चमचे. ते मला तोंडपाठ होतं आणि त्याची भीती होती.

२०२३ मध्ये मी गोडाला हात लावला नाही. एकदाही डंपिंग झालं नाही. आणि गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत माझं वजन ७२ वरून साडेशहात्तर झालं.

डाएटिशियननं ओरडायच्या ऐवजी वही दिली. "चार दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा, चाखलेलीही." लिहिलं. जेवण अगदी शहाण्यासारखं होतं. पण मधे मधे "भडंग, मूठ" असं येत होतं. पॅकिंग करताना एक. गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी बोलताना एक. चहासोबत दोन. रात्री टीव्हीपुढे, पाय सुजलेत म्हणून स्टुलावर ठेवून, तीन. एका दिवशी अकरा मुठी भरल्या. तेल-शेंगदाण्यासकट एका मुठीत सत्तर-ऐंशी कॅलरी धरल्या तर आठशेच्या घरात गेलं. माझं अख्ख्या दिवसाचं जेवण तेव्हा हजार-अकराशेचं होतं.

पोटानं थांबवलं का नाही? तर चुरमुरा तोंडात गेला की विरघळतो. कोरडं, कुरकुरीत, चावलं की लाळेत पीठ होणारं जे काही असतं, भडंग, शेव, चिवडा, चकली, खारी, बिस्किटं, ते त्या छोट्या पिशवीत थांबतच नाही. सरकून जातं. वर चहाचा घोट घेतला की आणखी लवकर. त्यामुळे नाक वाहत नाही, उचकी लागत नाही, छाती धडधडत नाही. पक्वान्नाला सगळे घाबरतात म्हणून त्याच्यावर पहारा असतो. भडंगावर कुणाचाच नाही, आणि ते स्वतः काही बोलत नाही. ऑपरेशनला वर्ष-दीड वर्ष उलटलं की भूकही हळूहळू परत येते, तेव्हा हा चोर घरात शिरतो.

मग मी काय केलं ते सांगते, तुमच्या घरात फराळाचे पाच डबे असतील तर तुम्हालाही लागू आहे.

फराळ दिवसातून एकदा, सकाळी अकराला, अंडं किंवा पनीर खाऊन झाल्यावर. आमटीच्या लहान वाटीत, डबा बंद करून परत जागेवर ठेवल्यानंतर, खुर्चीवर बसून. चहा त्याच्यासोबत नाही. वाटी संपली की संपली, मग ती चकली असो की चिवडा. दोन्ही हवं असेल तर अर्धं-अर्धं. मूठ हे माप घरातून हद्दपार. हातानं उचलून थेट तोंडात, हे बंद.

पॅकिंग करताना मी मास्क लावते. स्वच्छतेला बरं, आणि तोंडाला कुलूप. गिऱ्हाइकांना वाटतं ताई फार काटेकोर आहेत.

चाखायचं काम सुनेकडे दिलंय. भाजणीचं मीठ-तिखट पहिल्या घाण्याच्या चकलीवर ती बघते. सुरुवातीला माझा विश्वास बसायचा नाही, तेव्हा मी चाखून वाटीत थुंकायचे आणि चूळ भरायचे. घाणेरडं वाटतं ऐकायला, पण आचाऱ्याच्या पोटाला दुसरा इलाज नाही. संध्याकाळी सात वाजता मी दात घासते, जेवण झाल्या झाल्या. दात घासल्यावर भडंगाची चव लागत नाही. रात्रीच्या तीन मुठी तिथंच गेल्या.

आणि डबे. आमच्याकडे दिवाळीला सात घरचे फराळाचे डबे येतात. आलेल्या डब्यातला एक पदार्थ ठेवते, तोही यांच्या हातात, बाकीचा त्याच दिवशी निघतो. फराळ आणून देणाऱ्या पोराला, सोसायटीच्या वॉचमनला, कामाच्या बायकांना. शिळा होईपर्यंत थांबून देऊ नका, ताजा असतानाच द्या.

उपास

हरतालिकेचा निर्जळी उपास मी सोडला. पाणी न पिता दिवस काढणं आमच्या पोटाला परवडत नाही, हे डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं. नवरात्रीचे नऊ दिवसही करत नाही, उठता-बसता दोन दिवस करते. साबुदाणा बंद: चिकट, निव्वळ पिष्ट, घशाखाली गेला की गोळा. त्याऐवजी राजगिऱ्याची पातळ लापशी दुधात, पनीर, दही, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर. उपासाला बटाट्याच्या वेफर्सचा पुडा फोडणाऱ्यांनी वरचा भडंगाचा भाग परत वाचावा.

गोळ्या, आणि दवाखाना कधी

सणाच्या गडबडीत पहिल्यांदा चुकतात त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. त्या जन्मभराच्या आहेत, वजन उतरलं म्हणून थांबत नाहीत. मी त्या आरतीला बांधल्यात. सकाळच्या आरतीनंतर लोह, संध्याकाळच्या आरतीनंतर कॅल्शियम, कारण या दोन एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. मधे निदान दोन तास हवेत. लोहाच्या गोळीवर चहा नको. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तुमच्या चिठ्ठीप्रमाणे.

फराळ करून कंबर मोडली की पूर्वी मी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायचे. आता नाही. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, आणि दोन तास पाय वर.

उलट्या दिवसभर थांबत नसतील, पाणीही ठरत नसेल, पोटात जोराची कळ सतत राहत असेल, शौच डांबरासारखी काळी होत असेल किंवा चक्कर येऊन पडायला झालं असेल, तर लक्ष्मीपूजन असलं तरी दवाखान्यात जा आणि ऑपरेशन कुठलं झालंय ते सांगा. सतत उलट्या होत राहिल्या तर बी-१ कमी पडून नसांवर परिणाम होतो, त्यात "सण झाल्यावर बघू" चालत नाही. दिवाळीत तुमचे डॉक्टर गावाला जाणार असतील तर धनत्रयोदशीच्या आधीच त्यांच्या जागी कोण आहे त्याचा नंबर घेऊन फ्रिजवर चिकटवा. माझ्या फ्रिजवर तो आहे, त्याच्या खाली ऑर्डरींची यादी, आणि यादीच्या खाली सुनेनं तिच्या अक्षरात लिहिलंय: "आई, मास्क."